सोसायटीची व्हॉट्सअ‍ॅप कम्युनिटी : दिवाळी ते गणपती, वापरून काय वाटलं

आमची सोसायटी डोंबिवली पूर्वेला. तीन विंग, शंभराला दोन-चार कमी फ्लॅट, दोन लिफ्ट चालू आणि तिसरी कायम दुरुस्तीला. गेल्या दिवाळीच्या सुट्टीत आम्ही जुना एकच भलामोठा ग्रुप मोडून त्याची व्हॉट्सअ‍ॅप कम्युनिटी केली. मी सेक्रेटरी, त्यामुळे अ‍ॅडमिनची माळ आपोआप माझ्या गळ्यात. आता गणपती तोंडावर आलेत, वर्गणीची यादी फिरायला लागलीय, आणि शेजारच्या दोन सोसायट्यांनी 'तुमचं कसं चाललंय, आम्हीपण करू का' असं विचारलंय. त्यांना एकदाच सविस्तर सांगते.

आधीचा ग्रुप कसा होता ते वेगळं सांगायला नको, तुमचाही तसाच असणार. पहाटे साडेपाचला पहिला सूर्योदय, त्यावर फुलं, फुलांवर सुविचार. सात वाजता कोणीतरी 'आज टँकर उशिरा' असं टाकायचं. साडेसातपर्यंत त्याच्यावर अठरा नमस्कार आणि दोन वाढदिवस जमा झालेले असायचे. आठला दहा जण विचारणार, 'टँकर कधी?' मी तोवर लोकलच्या लेडीज डब्यात एका हाताने कडी धरून दुसऱ्या हाताने तोच मेसेज पुन्हा पाठवत असायची.

कम्युनिटीची सोय व्हॉट्सअ‍ॅपने 2022 च्या नोव्हेंबरात आणली. अनेक ग्रुप एका छत्राखाली येतात आणि सगळ्यांच्या डोक्यावर एक घोषणांचा ग्रुप असतो. त्यात फक्त अ‍ॅडमिन लिहू शकतात. आमच्याकडे आता घोषणा, तीन विंगचे तीन ग्रुप, 'देणं-घेणं', 'गप्पा' आणि फक्त मालक-सभासदांचा एक, अशी मांडणी आहे. एकट्या घोषणांच्या ग्रुपसाठीसुद्धा हा सगळा खटाटोप करावा असं मी म्हणेन. पाणी, लिफ्ट, वीज, पेस्ट कंट्रोल, सभेची तारीख. दिवसाला एखादा मेसेज, कधी तोही नाही. माणसं तो ग्रुप म्यूट करत नाहीत, हे महत्त्वाचं. सूर्योदय 'गप्पां'त गेला. तिथे तो सुखाने उगवतो आणि ज्यांना हवा ते बघतात.

आणखी एक फायदा झाला, तो आमच्या कमिटीतल्या पुरुषमंडळींच्या गावीही नव्हता. घोषणांच्या ग्रुपमध्ये सभासदांना एकमेकांचे नंबर दिसत नाहीत, ते अ‍ॅडमिनला दिसतात किंवा ज्यांनी आधीच सेव्ह केलेत त्यांना. सी विंगमध्ये तीन नोकरदार मुली भाड्याने राहतात. जुन्या ग्रुपमध्ये नंबर गेल्यापासून त्यातल्या एकीला कुठल्याशा अनोळखी 'काकां'चे रात्री साडेदहाला खासगीत 'जेवलीस का?' यायचे. ती ग्रुप सोडून गेली होती आणि पाणी कधी येणार हे तिला वॉचमनला विचारावं लागायचं. आता ती घोषणांत आहे, बाकी कशात नाही, आणि तिचं काही अडत नाही.

भाडेकरूंना घ्यायचं की नाही यावर कमिटीत मात्र चांगलीच जुंपली. 'मेंटेनन्स मालक भरतो, मग हे कशाला?' हा मुद्दा. टँकरचं पाणी काय मालक पुण्यात बसून पितो? शेवटी मालकांचा ग्रुप वेगळा केला आणि बाकी सगळं सगळ्यांना खुलं ठेवलं. ही तडजोड टिकलीय.

खरी परीक्षा जुलैत झाली. संध्याकाळी पाऊस वाढला, लोकल ठप्प, आणि आमची निम्मी सोसायटी ठाणे, मुलुंड, दादर अशी वाटेत विखुरलेली. मी स्वतः घाटकोपरला प्लॅटफॉर्मवर उभी होते. घोषणांमध्ये एकच ओळ टाकली : 'जो जिथे अडकलाय त्याने आपापल्या विंगच्या ग्रुपवर स्टेशनचं नाव आणि बरोबर कोण आहे ते लिहा. बाकी काही नको.' पुढच्या अर्ध्या तासात बी विंगचा ग्रुप स्टेशनमास्तरच्या वहीसारखा भरला. ठाणे, दोघे. मुलुंड, एकटी, फोन 11 टक्के. कळवा, गाडीतच. ए विंगमधला एक जण गाडी घेऊन ठाण्याला ऑफिसात होता, त्याने आपलं लाइव्ह लोकेशन टाकलं. त्यात 15 मिनिटं, 1 तास आणि 8 तास असे तीनच पर्याय मिळतात. त्याने सरळ 8 तासांचा घेतला आणि लिहिलं, 'तीन हात नाक्याला थांबतोय, चार जागा आहेत.' मुलुंडची मुलगी रिक्षा करून तिथे पोचली. गाडीत बसलेल्या चौघांपैकी दोघे एकाच मजल्यावर समोरासमोर राहतात आणि तोवर एकमेकांना नावाने ओळखत नव्हते. घरी पोचायला रात्रीचा एक वाजला. इकडे त्यांच्या आया ग्रुपवर तो निळा ठिपका शीळफाट्याच्या रस्त्याने सरकताना बघत बसल्या होत्या. तळमजल्यावरच्या आजींनी तर व्हॉइस मेसेज टाकला, 'अरे तो ठिपका हलत नाहीये, बघा कोणीतरी.' सिग्नलला थांबला होता.

या आजी म्हणजे माझ्या मते आमच्या कम्युनिटीतल्या सगळ्यात तरबेज सभासद. वय ऐंशीच्या पुढे. टायपिंग जमत नाही, पण कीबोर्डवरचा माइक दाबून मराठीत बोललं की अक्षरं उमटतात हे नातवाने दाखवून दिलं. (गूगलच्या कीबोर्डात मराठीत बोलून लिहिण्याची सोय 2017 पासून आहे, आपल्याकडे अजून निम्म्या लोकांना ती माहीत नाही. आईवडिलांना आज दाखवा.) पूर्णविराम-स्वल्पविराम काही नाही, एक सलग वाक्य येतं, पण गेट कोणी उघडं टाकलं, कुरियर कोणाचं पडून आहे, सगळी खबर बिनचूक.

'देणं-घेणं' हा ग्रुप मी नाइलाजाने काढला होता, जुनं सामान विकणाऱ्यांची कटकट एका कोपऱ्यात जावी म्हणून. तोच सगळ्यात जास्त चालला. दहावीची पुस्तकं, मुलाला लहान झालेली सायकल, रात्री नऊला संपलेला सिलिंडर. सिलिंडरच्या मेसेजला पाच मिनिटांत दोन घरांतून 'घेऊन जा' आलं. ए विंगमधल्या एक काकू डबे देतात हे चार वर्षांत मला ठाऊक नव्हतं. आता दिवाळीच्या चकल्यांची ऑर्डर त्या कोजागरीलाच बंद करतील असं दिसतंय. नांदेडहून नवीन राहायला आलेल्या जोडप्याला बाळासाठी सांभाळणाऱ्या मावशी याच ग्रुपवर मिळाल्या. मावशी स्वतः ग्रुपमध्ये नाहीत, अर्थात. त्यांचा त्यांचा वेगळा ग्रुप आहे आणि कुठल्या घरात पगार वेळेवर मिळतो, कुठे सुट्टीचे पैसे कापतात, हे त्यात नीट नोंदवलेलं असतं, असं माझ्याच मावशींनी हसत हसत मला ऐकवलं. पोचला निरोप.

वॉचमनदादांना मात्र आम्ही आत घेतलं. 'गेट' नावाचा छोटा ग्रुप आहे, त्यात दोन पाळ्यांचे वॉचमन आणि कमिटीतले तिघे. टँकर आला की चलनाचा फोटो, वेळ, किती हजार लिटर, बस. महिन्याच्या शेवटी बिल तपासायला बसतो तेव्हा टँकरवाल्याशी वाद घालावा लागत नाही, फोटो मोजायचे. खजिनदारांना कम्युनिटीतली एवढी एकच गोष्ट मनापासून आवडते.

आता न जमलेल्या गोष्टी. मतदानाची म्हणजे पोलची सोय आम्हाला वरदान वाटली होती. गच्चीवर मोबाइल टॉवर बसवू द्यायचा का, असा प्रस्ताव आला होता. भाडं चांगलं. विरोधही तितकाच, आणि गंमत म्हणजे विरोधात सगळ्यात पुढे बी विंग, जिथे बेडरूममध्ये रेंज येत नाही म्हणून रोज बोंब असते. मालकांच्या ग्रुपवर पोल टाकला. रात्री नऊला चेअरमनसाहेबांनी पहिलं मत दिलं : हो. त्यानंतर हो, हो, हो. चित्र स्पष्ट, आम्ही खूश. पुढे सभेत चिठ्ठ्या टाकून मतं घेतली तर प्रस्ताव साफ आपटला. कारण उघड आहे. व्हॉट्सअ‍ॅपच्या पोलमध्ये कोणी कशाला मत दिलं हे सगळ्यांना दिसतं. चेअरमन रोज लिफ्टमध्ये भेटतात, लीकेजची तक्रार त्यांच्याकडेच न्यायची असते. कोण कशाला उघड 'नाही' दाबेल? पोल मित्रांच्या सहलीसाठी ठीक आहे : माथेरान की अलिबाग. सोसायटीत तो फक्त मोदक उकडीचे की तळणीचे एवढ्यापुरता वापरा.

याच्याच जोडीला, ग्रुपवर ठरलं म्हणजे ठरलं असा एक समज पसरलाय. तसं नसतं. वार्षिक सर्वसाधारण सभा 30 सप्टेंबरच्या आत घ्यायची, तिची पूर्ण 14 दिवस आधी रीतसर नोटीस द्यायची, गणपूर्तीला दोन-तृतीयांश सभासद किंवा 20, यातली कमी असेल ती संख्या हवी. हे आदर्श उपविधीत लिहिलेलं आहे. नोटीस आम्ही घोषणांत टाकतो, पण फलकावर लावतो आणि घरोघरी सहीसुद्धा घेतो. 'मी व्हॉट्सअ‍ॅप बघतच नाही' म्हणणारा सभासद प्रत्येक सोसायटीत असतो आणि नेमका तोच उपनिबंधकांच्या कचेरीचा पत्ता तोंडपाठ असलेला असतो.

तसं बघतच नाही म्हणणाऱ्यांपैकी किती जण बघतात तेही कळतं. निळ्या खुणा बंद केल्या की आपण सुटलो असं त्यांना वाटतं, पण ती पळवाट फक्त दोघांतल्या गप्पांपुरती आहे. विंगच्या ग्रुपमध्ये माझ्या मेसेजवर बोट दाबून माहिती उघडली की कोणी वाचलाय त्याची यादी समोर. मी ती सभेत वाचून दाखवत नाही. मला माहीत असलं म्हणजे झालं.

भांडणं कमी झाली का? नाही. उलट पूर्वी ज्या गोष्टीला दोन जिने चढून बेल वाजवावी लागायची, ती आता रात्री साडेअकराला अंथरुणात पडल्या पडल्या होते. वरच्या एसीचं पाणी खालच्या ग्रिलवर पडतं, यावरून मेमध्ये दोन घरांत असं काही जुंपलं की काही विचारू नका. एकाने जे लिहिलं ते पाच मिनिटांत बदलून सौम्य केलं (15 मिनिटांत मेसेज दुरुस्त करता येतो), तोवर दुसऱ्याने स्क्रीनशॉट काढून ठेवलेला. शेवटी प्लंबरने अडीचशे रुपयांत पाइपचा तुकडा जोडला. दोघं अजून लिफ्टमध्ये भेटले की मजल्यांचे आकडे बघतात.

आणि अफवा. श्रावणाच्या सुरुवातीला 'गप्पां'त एक ऑडिओ आला : मुलं पळवणारी टोळी आपल्या भागात फिरतेय, सगळ्यांना पाठवा. वर दुहेरी बाणाची खूण, म्हणजे बऱ्याच हातांतून फिरून आलेला. असा मेसेज एका वेळी एकाच ठिकाणी पुढे पाठवता येतो, हे बंधन 2020 च्या एप्रिलपासून आहे. त्याआधी, 2018 च्या 1 जुलैला, धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातल्या राईनपाड्याला अशाच अफवेवरून जमावाने पाच निरपराध भिक्षेकऱ्यांना ठेचून मारलं होतं. त्याच महिन्यात व्हॉट्सअ‍ॅपने भारतात पुढे पाठवण्यावर पाच जणांची मर्यादा घातली. आमच्या गेटवर रोज भंगारवाला येतो, वासुदेव येतो, नंदीबैलवाला येतो. मी तो ऑडिओ सगळ्यांसाठी काढून टाकला, टाकणाऱ्या काकांना फोन केला आणि राईनपाड्याचं नाव घेतलं. त्यांना आठवत होतं. 'मला वाटलं काळजी घेतलेली बरी,' म्हणाले. वाईट हेतू नव्हताच, असा मेसेज पाठवणाऱ्या बहुतेकांचा तो नसतोच.

अ‍ॅडमिन व्हायला लोक घाबरतात, कोणी काही टाकलं तर पोलीस आपल्या दारात येतील म्हणून. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने 2021 मध्ये सांगितलंय की सभासदाने आक्षेपार्ह काही टाकलं म्हणून केवळ अ‍ॅडमिन आहे एवढ्यावरून त्याला दोषी धरता येत नाही, दोघांचा समान हेतू दिसायला हवा. तरी मी सांगते, अ‍ॅडमिन तीन तरी ठेवा आणि त्यातला एक दिवसा घरी असणारा असू द्या. मी दुपारी बारा ते तीन मीटिंगमध्ये असते, आणि सगळे भडके नेमके तेव्हाच उडतात.

थकबाकीदारांची यादी ग्रुपवर टाकायची मागणी दर महिन्याला होते. टाकत नाही. मेंटेनन्स भरल्याचे स्क्रीनशॉटही ग्रुपवर घेत नाही, खजिनदारांना थेट पाठवा.

विचारणाऱ्या सोसायट्यांपैकी जिची बत्तीस घरं आहेत, त्यांनी कम्युनिटीच्या भानगडीत पडू नये. साधा एक ग्रुप, रात्री दहानंतर 'फक्त अ‍ॅडमिन लिहू शकतील' असं करून टाकायचं, महत्त्वाचं असेल ते पिन करून ठेवायचं. पिन जास्तीत जास्त 30 दिवस टिकते आणि एका वेळी तीन मेसेज वर राहतात, तेवढ्यात त्यांचं भागेल. दुसरीची घरं दीडशेच्या वर आहेत. त्यांनी जरूर करावी, पण सुरुवातीला घोषणा आणि देणं-घेणं एवढंच. विंगचे ग्रुप पावसाळ्याआधी काढा. माझ्याकडून पाचपैकी पावणेचार. पाव गुण टॉवरच्या पोलचा कापलाय, उरलेला एक आमच्या सभासदांचा.