आयात विजेवर कार्बनशुल्क: कॅलिफोर्नियाची रीत की युरोपची?

आयात विजेवर कार्बनशुल्क लावायचा आराखडा करताना मुख्यतः दोन नमुने समोर येतात: कॅलिफोर्नियाची 2013 पासूनची कॅप-अँड-ट्रेड, म्हणजे एकूण उत्सर्जनाला मर्यादा घालून परवान्यांची खरेदी-विक्री, आणि युरोपीय संघाचा सीबॅम, म्हणजे आयात मालाच्या उत्सर्जनावर सीमेवर लागणारं शुल्क, जे 1 जानेवारी 2026 पासूनच्या आयातीला लागू झालं. अशाच एका टिपणासाठी पाया निवडायची वेळ आली, तेव्हा मी कॅलिफोर्नियाकडे झुकलो.

मला खटकला तो युरोपचा ठरीव आकडा, म्हणजे खरं उत्सर्जन दाखवलं नाही तर आयात विजेच्या दर युनिटला जे उत्सर्जन धरतात ते. 2023 च्या मूळ नियमात तो त्या देशातल्या फक्त कोळसा, वायू, तेल जाळणाऱ्या केंद्रांच्या सरासरीवरून काढला आहे. म्हणजे वीज बोस्नियातल्या नेरेत्वा नदीवरच्या धरणाची असली, तरी शुल्क त्याच देशातल्या तुझ्लाच्या लिग्नाइट (हलक्या प्रतीचा कोळसा) केंद्राच्या अंगाने. खरं उत्सर्जन दाखवायची सोय आहे, पण त्यासाठी उत्पादकाशी करार हवा, थेट जोडणी नसेल तर वाहिन्यांवर कोंडी नव्हती याचा पुरावा हवा, शिवाय उत्पादन आणि राखून ठेवलेली वहनक्षमता तासातासाला जुळायला हवी, तीही वाटेतल्या प्रत्येक देशाच्या पारेषण यंत्रणेकडे. एका जलविद्युत कराराचा हिशेब मी असा मांडू लागलो, तर एकीकडची नोंद हाती आली की दुसरीकडची अडायची. स्वच्छ वीज विकणाऱ्यालाच हा जाच का?

कॅलिफोर्नियात वीज राज्यात आणणारा जबाबदार. स्रोत दाखवता आला तर त्या केंद्राचं उत्सर्जन धरतात, नाहीतर मेगावॉट-तासाला 0.428 टन कार्बन डायऑक्साइड. विषय संपला.

युरोपची कडक शिस्त अनाठायी आहे असं मात्र म्हणवत नाही. 2013 च्या अखेरीस सदर्न कॅलिफोर्निया एडिसनने न्यू मेक्सिकोतल्या फोर कॉर्नर्स कोळसा केंद्रातला आपला वाटा ॲरिझोनातल्या कंपनीला विकला. कॅलिफोर्नियाच्या वहीतून तो कोळसा गेला, केंद्र चालूच राहिलं. नुसत्या कागदावरच्या अशा अदलाबदलीला तिथे बंदी आहे, पण अपवाद बरेच.

तुमचा शेजारी कोसोवोसारखा जवळजवळ सगळा लिग्नाइटवर चालणारा असेल, तर युरोपच्या आकड्याने फारसा अन्याय होणार नाही. तो खुशाल घ्या. पण धरणं आणि कोळसा दोन्ही असलेला देश असेल, तर माझ्या मते कॅलिफोर्नियाचा सांगाडा बरा. फक्त त्या अपवादांना आधी कात्री लावा.