वॉशबर्न यांचा डेनालीचा नकाशा : कड्यांसाठी अजोड, हिमनद्यांसाठी जुना

उत्तर अमेरिकेतील सर्वोच्च शिखराचा, अलास्कातील डेनालीचा, हा स्थलनिर्देशक नकाशा १९६० साली प्रसिद्ध झाला. त्यावर माउंट मॅकिन्ली हे नाव छापलेले असून प्रमाण १:५०,००० आहे. बॉस्टनच्या विज्ञान संग्रहालयाचे संचालक ब्रॅडफर्ड वॉशबर्न यांनी अनेक वर्षे विमानातून घेतलेली छायाचित्रे आणि प्रत्यक्ष पर्वतावर केलेले सर्वेक्षण यांच्या आधारे तो सिद्ध केला, तर रेखनाचे काम स्वित्झर्लंडच्या सरकारी नकाशा विभागाकडे सोपवले.

ही निवड किती योग्य होती, हे कडे पाहताना पटते. हिमनदीवरच्या समोच्च रेषा (समान उंचीची ठिकाणे जोडणाऱ्या रेषा) निळ्या आहेत आणि जिथे खडक इतका उभा आहे की रेषा एकमेकींत मिसळून जाव्यात, तिथे बारीक रेघांनी खडकाचे चित्रच काढले आहे. त्यामुळे कड्याची धार कुठे आणि घळ कुठे, हे उंचीचे आकडे न वाचताही कळते. संगणकाने काढलेल्या आजच्या अनेक नकाशांना हे अजून साधलेले नाही. वॉशबर्न यांच्याच तुकडीने १९५१ साली प्रथम चढलेल्या पश्चिम सोंडेच्या मार्गावरून बोट वर नेत गेल्यास साधारण १४,२०० फुटांवर रेषा एकदम विरळ होतात, म्हणजे तिथे उतार सौम्य होतो. हल्लीच्या मोहिमा मोठा तळ तिथेच का टाकतात, हे वेगळे सांगावे लागत नाही. त्याच्या लगेच वर रेषांची दाटी सुरू होते आणि दोर बांधण्याची गरजही तिथेच उमगते.

मात्र लगतच्या दोन रेषांमधला उंचीचा फरक १०० फुटांचा आहे. पंचेचाळीस अंशांच्या उतारावर त्या कागदावर जेमतेम ०.६ मिलिमीटर अंतराने येतात आणि साठ फुटांची हिमभिंत त्यांच्यामध्ये सहज लपते. उंची फुटांत असल्याने उताराचा हिशेब करताना दर वेळी रूपांतर करावे लागते, तेही कंटाळवाणेच.

खरी अडचण बर्फाची आहे. उत्तरेकडची मल्ड्रो हिमनदी १९५६-५७ मध्ये अचानक वेगाने सरकली होती आणि २०२१ मध्ये तिने तेच पुन्हा केले. तिचा पृष्ठभाग ठिकठिकाणी फाटला. अशा भागात या नकाशावर विसंबून वाट आखू नये, अलीकडची उपग्रहचित्रे घ्यावीत. खडकाच्या बाबतीत मात्र तो अजून भरवशाचा आहे : वॉशबर्न यांनी दिलेली शिखराची उंची २०,३२० फूट, आणि २०१५ मध्ये जाहीर झालेली उपग्रहाधारित मोजणी २०,३१० फूट.