‘ह्यूब्रिस’साठी मराठी शब्द निवडताना: गर्व, अहंकार की माज?

इंग्रजी मजकुरात ‘ह्यूब्रिस’ (hubris, ग्रीकमधून आलेला, मर्यादा सुटलेल्या घमेंडीसाठीचा शब्द) दिसला की हात आपोआप ‘गर्व’ लिहितो. खानदेशी वाचकासाठी लिहीत असाल तर थांबा. ‘गर्वाचं घर खाली’ ही म्हण इथंही चालते, पण हिंदीच्या शेजारामुळे निकालानंतर चौकात लागणाऱ्या फलकावर ‘आम्हाला तुझा गर्व आहे’ असंही असतं. (तिथं अभिमान हवा, पण सांगणार कोणाला!) ह्यूब्रिसला कौतुकाची बाजूच नाही.

‘अहंकार’ दोषच सांगतो, पण मनातला. माणूस ओट्यावर गप्प बसूनही अहंकारी असू शकतो. ह्यूब्रिस वागण्यात उतरतो. प्राचीन अथेन्समध्ये त्याबद्दल खटला भरता येई. ॲरिस्टॉटलच्या मते पदरात काही पाडून घ्यायचं नसताना, निव्वळ मजेखातर दुसऱ्याची मानहानी करणं म्हणजे ह्यूब्रिस. आजच्या इंग्रजीत अर्थ सरकलाय: यशानं डोक्यात गेलेली हवा, जी शेवटी माणसाला बुडवते.

‘दर्प’ बाद. आता तो नाकालाच कळतो.

माझं मत ‘माज’ला. युरिया जास्त पडला की कपाशी नुसती पानांनी फोफावते आणि बोंडं मोजकीच लागतात; त्याला आपण ‘कपाशी माजली’ म्हणतो. गंमत म्हणजे ग्रीकांनीही हाच शब्द खाऊन मस्तावलेल्या गाढवांना आणि बेसुमार वाढणाऱ्या झाडांना लावला होता. पोसलं जास्त, म्हणून आवरेनासं झालं, ही मूळ कल्पना एवढ्या नेमकेपणानं दुसऱ्या कुठल्या मराठी शब्दात नाही.

अडचण दोन ठिकाणी येते. खिडकीवरचा कारकून नीट बोलला नाही तरी आपण ‘माज आलाय’ म्हणतो. इंग्रजीत तिथं ‘ॲरोगन्स’ येईल, मराठीत ‘उद्धटपणा’ पुरे. आणि इतिहासाच्या लेखात ‘माज’ फार घरगुती वाटतो. असीरगडाच्या भरवशावर खानदेशचा सुलतान बहादूरखान फारुकी अकबरापुढे अडून राहिला. १६०१ मध्ये गडही गेला आणि खानदेशातली फारुकी सत्ताही. त्याच्यावर ह्यूब्रिसचा ठपका ठेवायचाच, तर मी ‘उन्मत्तपणा’ लिहीन. त्यातही ‘मद’च आहे, हत्तीचा. विशेषण हवं असेल तर लेखात ‘मदांध’, पारावर ‘माजोरडा’.