साका सांगून आंबा विकणारे दुकान

देवगड तालुक्यात रस्त्याच्या कडेला असलेल्या एका लहानशा दुकानातून यंदा मी हापूस घेतला. फळ अढीत नीट पिकवलेले होते आणि भावही रास्त होता. हापूसला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, तरी कर्नाटकी आंबा देवगडच्या नावाने सर्रास खपवला जातो. येथे तोही आंबा मिळतो, पण त्याच्याच नावाने. मात्र या दुकानाचे वेगळेपण सांगायचे तर तेराव्या शतकातील ख्रिस्ती तत्त्वज्ञ थॉमस अक्वायनस यांच्याकडे वळावे लागते. निसर्गनियमावर आधारलेल्या नीतिविचाराच्या या प्रमुख भाष्यकाराने आपल्या ‘सुम्मा’ या ग्रंथात खरेदी-विक्रीतील लबाडीचा स्वतंत्रपणे विचार केला आहे.

त्यांच्या मते उघड दिसणारा दोष विक्रेत्याने बोलून दाखवलाच पाहिजे असे नाही, फक्त त्या मानाने किंमत उतरवावी. दडलेला दोष मात्र ठाऊक असून लपवणे हा अन्याय होय. हापूसचा साका हा अगदी असाच दडलेला दोष आहे. साल बिनडाग, देठाशी घमघमाट, आणि कापल्यावर कोयीलगत पांढरट, भुसभुशीत, आंबूस गर! येथे डागी फळे वेगळ्या टोपलीत कमी भावाने ठेवलेली असतात, आणि हंगामाच्या अखेरीस दुकानदार ‘‘ह्या तोडीत साको गावता, सांगान ठेवतंय,’’ असे म्हणत ढिगातला एक आंबा कापून समोर धरतो.

असे का करता, असे विचारल्यावर ‘‘गिऱ्हाईक परत येवक व्हया’’ असे सरळ उत्तर मिळाले. जर्मन तत्त्वज्ञ कांटने १७८५ च्या ग्रंथात नेमका असाच दुकानदार उदाहरणादाखल घेतला आहे, आणि ती कर्तव्यापोटी नसून स्वार्थापोटी आहे म्हणून त्याच्या सचोटीला नैतिक मोल नाकारले आहे. मला अक्वायनस यांचे म्हणणे अधिक पटते: नफा स्वतः चांगलाही नाही आणि वाईटही नाही, तो घर चालवण्यासाठी किंवा गरजवंताला देण्यासाठी मिळवला तर व्यापार निर्दोष ठरतो. अर्थात कृती, हेतू आणि परिस्थिती ही तिन्ही चोख लागतात. मिरवण्यासाठी केलेले दान बिघडते, आणि दान करण्यासाठी केलेली चोरी ही चोरीच राहते. शेजारच्या दुकानाची बदनामी करण्यासाठी हाच आंबा कापला असता, तर तीच कृती डागाळली असती.

शिवाय हिशेबी हेतूने सगळे उलगडत नाही. गाडी सुरूच ठेवून घाई करणाऱ्या, पुन्हा या वाटेला येण्याची शक्यता नसलेल्या पर्यटकालाही त्याने आंबा कापून दाखवला, आणि तो पर्यटक काही न घेता निघून गेला, तरी याच्या कपाळावर आठी नव्हती. सद्गुण म्हणजे सहजपणे व आनंदाने सत्कृत्य घडवणारे मुरलेले वळण, असे अक्वायनस मानतात. ते येथे दिसले.

एक गोष्ट मात्र खटकली. एप्रिलमध्ये मी पेटी घेतली तेव्हा, आठवड्याभरात आवक वाढून भाव उतरणार, हे त्याला ठाऊक होते. तो बोलला नाही. दुष्काळी मुलुखात धान्य नेणाऱ्या आणि मागून आणखी धान्य येत आहे हे न सांगणाऱ्या व्यापाऱ्याविषयी अक्वायनस म्हणतात की, यात न्यायाचा भंग नाही, पण सांगितले असते तर सद्गुण अधिक ठरला असता. त्यामुळे पाचपैकी चार तारे. घाई नसेल, तर मे महिन्यात जावे आणि भावाची चौकशी स्वतः करावी; विचारल्यावर तो खोटे सांगत नाही.