प्रॉपचं भोक मोठं करायचंय: रीमर, पिलर ड्रिल, लेथ की रिंग?

निर्णय आधी सांगतो, कारणं नंतर. प्रॉप म्हणजे मॉडेल विमानाचा पंखा, आणि रीमर म्हणजे पडलेलं भोक थोडं मोठं आणि साफ करणारं धारदार हत्यार. ४० ते ४६ मापाचं (०.४० ते ०.४६ घनइंचाचं) ग्लो इंजिन, म्हणजे तापलेल्या प्लगवर चालणारं छोटं इंजिन, किंवा तेवढ्याच ताकदीची इलेक्ट्रिक मोटर उडवत असाल आणि प्रॉपचं भोक शाफ्टपेक्षा (प्रॉप ज्या दांड्यावर बसतो त्यापेक्षा) लहान निघालं, तर पायऱ्यांचा प्रॉप-रीमर घ्या. भोक मोठं निघालं तर रिंग किंवा बुश (भोकात बसणारी छोटी नळी) बसवा. एकाच मापाचे बरेच प्रॉप करायचे असतील आणि चांगलं पिलर ड्रिल (खांबावर बसवलेलं, खाली टेबल असलेलं ड्रिल) हाताशी असेल, तरच मशीन रीमरकडे वळा. हातड्रिल आणि गोल कानस या कामात नकोच. लेथवर प्रॉप बांधून भोक वाढवून घेणं मला पटत नाही, पण लेथवाल्याकडून बुश करून घ्यायला माझी पूर्ण संमती आहे.

गोव्यात हा प्रश्न जरा जास्तच पडतो. पाऊस सरला की आपण सड्यावर (चिऱ्याच्या उघड्या पठारावर) किंवा कापणी झालेल्या शेतात विमानं काढतो. सड्यावर चिऱ्याचा खडबडीतपणा, शेतात भाताचे खुंट. उतरताना विमान जरा नाकावर गेलं की प्रॉप मोडतो. मग मिळेल तो प्रॉप आणावा लागतो, आणि दर कंपनीचं भोक वेगळं.

या पद्धती एकमेकींशेजारी ठेवून बघताना एकाच प्रश्नावर नजर ठेवा. नव्या भोकाचं केंद्र कोण ठरवतंय? कारखान्यात पडलेलं मूळ भोक, मशीनचं टेबल, की आपला हात? किंमत, वेळ, मेहनत हे सगळं त्यानंतर येतं.

केंद्र जरासं सरकलं तर काय होतं, ते आकड्यांत बघू. ३० ग्रॅमचा प्रॉप घ्या, मिनिटाला १०,००० फेरे. १/४ इंचाचं, म्हणजे ६.३५ मिलिमीटरचं भोक ६ मिलिमीटरच्या शाफ्टवर चढवलं, तर एकूण ढिलाई ०.३५ मिलिमीटर. नट आवळताना प्रॉप एका बाजूला टेकला की केंद्र सुमारे ०.१७५ मिलिमीटर सरकतं. कागदाच्या दोन पानांएवढं हे अंतर. पण त्या वेगाला त्यातून ५.७ न्यूटनच्या आसपास ओढ तयार होते. म्हणजे जवळजवळ ५९० ग्रॅमचा भार, प्रॉपच्या स्वतःच्या वजनाच्या एकोणीस-वीस पट, आणि तो सेकंदाला १६७ वेळा शाफ्टभोवती फिरत राहतो. ही ओढ फेऱ्यांच्या वर्गाप्रमाणे वाढते, त्यामुळे १२,००० फेऱ्यांना ती ८४० ग्रॅमच्या पुढे जाते. सर्वोचे (विमानाचे पृष्ठभाग हलवणाऱ्या छोट्या मोटरांचे) गिअर, रिसीव्हरच्या वायरींचे जोड, फायरवॉलचा (इंजिन बसतं त्या फळीचा) चिकटवलेला सांधा, टाकीत इंधनाला येणारा फेस, सगळ्यांवर तो मार बसतो.

म्हणून साधन विकत घेण्याआधी व्हर्नियर घ्या आणि शाफ्ट मोजा. पाकिटावर लिहिलेल्या मापावर जाऊ नका. आटे पाडलेली शाफ्ट नावाच्या मापापेक्षा नेहमी थोडी बारीक असते. एम-८ (नावाला ८ मिलिमीटर) आट्याची शाफ्ट साधारण ७.७६ ते ७.९७ मिलिमीटरच्या दरम्यान भरते, १/४ इंचाची, इंचाला २८ आट्यांची, ६.१६ ते ६.३२ च्या आसपास. याचा फायदा असा की ५/१६ इंचाचा रीमर, म्हणजे ७.९४ मिलिमीटर, एम-८ शाफ्टला बऱ्याचदा नेमका बसतो, आणि ८ मिलिमीटरचा थोडा ढिला पडतो. उलट, शाफ्टचा प्रॉप बसतो तो भाग गुळगुळीत ८ मिलिमीटरचा असेल, तर ७.९४ चं भोक चढणार नाही. इंची रीमर घ्यायचा की मिलिमीटरचा, हे ठरतं ते या मोजणीवर. बरेच जण इंजिन जपानी म्हणून मिलिमीटरचा रीमर मागवतात, आणि शाफ्ट निघते इंची आट्यांची.

आता साधनांकडे येऊ. हातड्रिल घराघरांत असतं, म्हणून पहिला विचार त्याचाच येतो. साध्या ड्रिल बिटला दोनच धारा असतात आणि त्याचं टोक भरीव मालात केंद्र धरायला बनवलेलं असतं. आधीच भोक असेल तिथे त्या टोकाला धरायला काहीच उरत नाही. मग बिट दोन धारांवर हेलकावत कापतं आणि भोक गोल न राहता किंचित तीनकोनी होतं. नायलॉनमध्ये आणखी एक त्रास: बिटचा पीळ प्रॉपला स्क्रूसारखा वर ओढतो, हब (प्रॉपचा मधला जाड भाग) हातातून सुटतो आणि पातं बोटांवर येतं. वेग जास्त ठेवला तर नायलॉन कापला न जाता वितळतो आणि भोकाच्या कडेला चिकटतो. इथे केंद्र ठरवतो तो हात, आणि दोन-तीन दशांश मिलिमीटरच्या कामाला हात पुरत नाही.

पायऱ्यांच्या प्रॉप-रीमरची रचनाच या कामासाठी आहे. सर्वांत खालची पायरी सहसा कापत नाही. ती मूळ भोकात सरकून वाट दाखवते. तिच्या वर पुढचं माप कापणाऱ्या अनेक धारा, त्यावर त्याहून मोठं. इंची रीमरवर १/४, ५/१६, ३/८ अशी मापं मिळतात, मिलिमीटरच्या रीमरवर ६, ७, ८, १० अशी. खालची पायरी मूळ भोकात घट्ट बसली असेल तर वरची धार त्याच केंद्राभोवती फिरते. अट एवढीच की मूळ भोक आणि खालची पायरी जुळली पाहिजे. मूळ भोक ६.३५ आणि खालची पायरी ६.०, तर तुम्ही पुन्हा हाताच्या भरवशावर आलात. इंची प्रॉपला मिलिमीटरचा रीमर लावून केंद्र चुकवणारे बरेच आहेत, आणि दोष ते रीमरला देतात.

वापरायची रीत अशी: प्रॉप टेबलावर उताणा, म्हणजे इंजिनाकडची बाजू वर. रीमर त्या बाजूने घाला, कारण इंजिनाच्या वॉशरला टेकणारा पृष्ठभागच प्रॉपचा खरा आधार. फक्त घड्याळाच्या दिशेने फिरवा. बाहेर काढतानाही त्याच दिशेने फिरवत काढा. उलटं फिरवलं की धारा बोथट होतात आणि भोकाच्या भिंतीवर ओरखडे पडतात. दर दोन-तीन फेऱ्यांनी बाहेर काढून भुसा झटका. जोर लावू नका, रीमरच्या वजनाहून थोडासा जास्त दाब पुरतो. हबची जाडी रीमरच्या पायरीपेक्षा जास्त असेल तर शेवटचा भाग दुसऱ्या बाजूने करावा लागतो. तेव्हा खालची पायरी उरलेल्या मूळ भोकात बसत असल्यामुळे केंद्र सुटत नाही. हे काम ओट्यावर, विजेशिवाय होतं, आणि विमानाच्या पेटीत रीमर ठेवून सड्यावरही करता येतं. माझा कौल याच्याच बाजूने पडतो, त्यातलं हे एक मोठं कारण.

म्हापशाच्या किंवा मडगावच्या हार्डवेअरच्या दुकानात रीमर मागितलात तर बहुधा निमुळता, टी आकाराच्या मुठीचा रीमर पुढे येईल. तो पत्र्याचं भोक वाढवायला चांगला. प्रॉपच्या जाड हबमध्ये त्याने भोक नरसाळ्यासारखं उतरतं होतं, एका कडेला घट्ट आणि दुसऱ्या कडेला ढिलं. दोन्ही बाजूंनी फिरवलं तर मधे कंबर राहते आणि प्रॉप शाफ्टवर त्या अरुंद कंबरेवर डुलतो. स्टेप ड्रिलची अडचणही त्याच जातीची: त्याची प्रत्येक पायरी पत्र्यापुरती आखूड, हबच्या जाडीला ती पुरत नाही. दोन्ही टाळा. खरा प्रॉप-रीमर ऑनलाइन मागवावा लागतो. आठवडाभर थांबा, पण तोच घ्या.

पिलर ड्रिल आणि सरळ मशीन रीमर ही जोडी अचूकतेत सगळ्यांच्या पुढे आहे, पण तिची सगळी करामत मांडणीत आहे. ८ मिलिमीटरचा एच-७ (भोकाच्या अचूकतेचा दर्जा) रीमर धातूत ८.००० ते ८.०१५ मिलिमीटरचं भोक देतो. मूळ भोकात घट्ट सरकेल अशी सरळ सळई, किंवा त्या मापाच्या ड्रिल बिटचा गुळगुळीत दांडा, आधी चकमध्ये (मशीनच्या पकडीत) पकडायचा. हबचा मागचा पृष्ठभाग भोक असलेल्या सपाट लाकडी ठोकळ्यावर टेकवायचा, सळई मूळ भोकात उतरवायची, आणि ती आत असतानाच प्रॉप टेबलाला क्लॅम्प करायचा. मग टेबल, ठोकळा, क्लॅम्प यांतलं काहीही न हलवता चकमध्ये रीमर चढवायचा. मशीन सर्वांत कमी वेगावर. असं केलं की भोक केंद्रातही राहतं आणि मागच्या पृष्ठभागाला काटकोनातही, आणि काटकोनाची ही हमी हाताच्या रीमरला देता येत नाही. कॉलेजच्या वर्कशॉपमध्ये जाता येत असेल, किंवा आयटीआयमध्ये शिकणारा फिटर ओळखीचा असेल, तर ही वाट खुली आहे. मात्र चक जुनी आणि डगमगती असेल तर तिथे भोक मोठं आणि वाकडं होणार, मग ओट्यावरचा प्रॉप-रीमर कधीही बरा.

लेथबद्दल. कुंडई, वेर्णा, डिचोली या भागांत हात बसलेले टर्नर आहेत, आणि मनात येतं की सरळ त्यांच्याकडेच न्यावा. पण हब अनेकदा गोल नसतो, चकच्या जबड्यात तो केंद्रात बसेलच असं नाही, आणि बाहेर निघालेली पाती फिरायला लागली की जवळ उभ्या माणसाला धोका. त्यापेक्षा प्रॉपचं भोक मोठं असेल तेव्हा त्याच टर्नरकडून ॲल्युमिनियमचा किंवा पितळेचा बुश करून घ्या. त्याला एकच गोष्ट निक्षून सांगा: आतलं आणि बाहेरचं माप एकाच सेटिंगमध्ये काढायचं, मधे जॉब सोडून पुन्हा बांधायचा नाही. तसं केलं तरच आतलं आणि बाहेरचं वर्तुळ एककेंद्री राहतं. शाफ्ट आणि प्रॉप दोन्ही सोबत न्या, नुसता आकडा सांगू नका. बुशची लांबी हबच्या जाडीपेक्षा थोडी कमी हवी, नाहीतर नटचा दाब हबवर न येता बुशवर येईल आणि प्रॉप उड्डाणात सरकेल.

इलेक्ट्रिक विमानवाल्यांना बऱ्याचदा कापाकापीची गरजच नसते. एपीसी कंपनीच्या इलेक्ट्रिक प्रॉपसोबत प्लॅस्टिकच्या रिंगांचा संच येतो. शाफ्टच्या मापाची रिंग हबच्या मागच्या खाचेत दाबली की काम झालं. रिंग नेमकी बसते की हलते, ते मात्र हाताने बघा. दुसरा उपाय म्हणजे अडॅप्टरच बदलणं: मोटरच्या ३.१७, ४ किंवा ५ मिलिमीटरच्या शाफ्टवर बसणारे कोलेट (आवळून धरणारे अडॅप्टर) वेगवेगळ्या बाहेरच्या मापांत मिळतात. प्रॉपला हात न लावता प्रश्न सुटत असेल तर तोच मार्ग धरावा. ग्लो इंजिनवाल्यांना ही सवलत नाही, त्यांना इंजिनाच्या शाफ्टवरच प्रॉप बसवावा लागतो.

प्रॉप कशाचा आहे यावरही निवड थोडी फिरते. काचतंतू मिसळलेला नायलॉन किंचित लवचिक. रीमर काढल्यावर भोक केसभर आवळतं, त्यामुळे पहिल्याच फेरीत शाफ्ट घट्ट वाटली तर मोठं माप घेऊ नका, तोच रीमर पुन्हा एकदा फिरवा. कार्बन फायबरला धारदार रीमर, तोंडाला मास्क आणि भोकात पाण्याचे दोन थेंब. ती धूळ फुप्फुसात जाऊ द्यायची नाही. लाकडी प्रॉप कापायला सर्वांत सोपा, पण आपल्या हवेत सांभाळायला अवघड. लाकूड रेषांना आडवं फुगतं, रेषांच्या दिशेने जवळजवळ नाही, आणि प्रॉपच्या रेषा पात्याच्या लांबीत असतात. म्हणजे चार महिने पावसात पडलेल्या प्रॉपचं भोक एका दिशेने वेगळं आणि दुसऱ्या दिशेने वेगळं असू शकतं. लाकडी प्रॉपचं भोक जूनमध्ये नव्हे, डिसेंबरात मोजा, मगच रीमर उचला. आणि मोसम बदलला की नट पुन्हा आवळा. लाकूड सुकून आकसलं की तो आपोआप सैल होतो. रीमरलाही खाऱ्या हवेचा त्रास होतो. वापरून झाला की तेलाचा हात फिरवून बंद डबीत ठेवा, गंजलेली धार नायलॉन फाडते.

कुठल्याही मार्गाने गेलात तरी प्रॉप बॅलन्सरवर (तोल तपासायच्या साधनावर) चढवल्याशिवाय काम संपत नाही. पाती आडवी ठेवूनही बघा आणि उभी ठेवूनही. आडवी असताना एक पातं झुकलं तर जड पात्याच्या पृष्ठभागावरून बारीक पॉलिश पेपर फिरवा, पुढची कड सोडून. उभी असताना प्रॉप एका बाजूला वळत असेल तर वजन हबमध्ये कमीजास्त आहे, आणि नव्या भोकानंतर हे दिसलं तर केंद्र पात्यांना आडवं सरकल्याची शंका घ्या. भोक थोडं केंद्राबाहेर पण शाफ्टवर घट्ट असेल, तर बॅलन्स करून ते बऱ्याच अंशी सावरता येतं. ढिलं भोक सावरता येत नाही: बॅलन्सरचा शंकू प्रॉपला मधोमध धरतो, शाफ्टवर तो दर वेळी वेगळ्या बाजूला टेकतो, आणि बॅलन्सवर घातलेली मेहनत फुकट जाते. म्हणून दोन मापांत अडकलात तर लहान माप घ्या.

मग प्रॉप इंजिनावर लावा, प्लग काढून किंवा बॅटरी सोडवून. एका पात्याच्या टोकाशी पेन्सिल स्थिर धरा आणि प्रॉप हाताने अर्धा फेरा फिरवा. दुसरं टोक त्याच बिंदूवरून गेलं पाहिजे. एखाद्या मिलिमीटरपेक्षा जास्त फरक दिसला तर भोक तिरकं झालंय किंवा हबच्या मागे भुशाचा कण अडकलाय. आधी कण शोधा.

मोठ्या पेट्रोल इंजिनांना मधल्या भोकाभोवती चार किंवा सहा बोल्ट लागतात. तिथे त्या हबसाठी बनवलेला ड्रिल जिग (ड्रिलला वाट दाखवणारा साचा) हवाच, वर सांगितलेलं काहीच पुरत नाही. आणि मधलं भोक वाढवताना हबची भिंत बारीक होत चालली, कुठे पांढरट रेष किंवा चीर दिसली, तर तो प्रॉप उडवायचा नाही. दोन्ही पाती मोडून टाका, म्हणजे पेटीत पडलेला तो पुढच्या रविवारी दुसरं कुणी उचलून लावणार नाही.