प्रोजेक्टरच्या डेमोत न दिसलेले झटके घरी कुठून येतात

दुकानात ड्रोनने टिपलेल्या दऱ्याडोंगरांवरून चित्र अलगद सरकत असतं. घरी पडदा लागतो, डिशचा बॉक्स जोडला जातो, मॅच सुरू होते. फलंदाज कव्हरमधून चेंडू काढतो, कॅमेरा चेंडूमागे वळतो आणि सीमारेषेवरच्या जाहिरातींची अक्षरं दचकत दचकत पुढे जातात. चेंडूच्या जागी पांढरी पुसट रेघ दिसते. दुकानात फोन केला की उत्तरं ठरलेली असतात: "साहेब, सिग्नलचा प्रॉब्लेम असेल", "केबल बदलून बघा", "दोन दिवस चालू द्या, सेट होईल". या दोन-दोन दिवसांत परत करण्याची सात दिवसांची मुदत संपते. प्रोजेक्टर दोन दिवसांत 'सेट' वगैरे काही होत नाही. पहिल्या दिवशी दिसणारा झटका शेवटच्या दिवशीही तसाच दिसतो.

हलत्या चित्रातली फसवणूक इतकी सहज खपते, कारण डेमोच तसा रचलेला असतो. दाखवायची क्लिप सेकंदाला 60 फ्रेमची, कॅमेरा संथ, आडवा वेगवान पॅन (कॅमेरा बाजूला फिरवणं) एकही नाही. चित्र साठ-सत्तर इंचाचं आणि खोली काळीकुट्ट. सेटिंगमध्ये फ्रेम इंटरपोलेशन, म्हणजे एमईएमसी (यंत्राने मधल्या फ्रेम स्वतः रचून घालणं), 'हाय'वर. अशा क्लिपवर साधारण प्रोजेक्टरही देखणा दिसतो. घरी तेच चित्र 120 इंचाचं झालं की साठ इंचाच्या चौपट क्षेत्र व्यापतं आणि पडद्यावरची प्रत्येक गोष्ट त्याच वेळात दुप्पट अंतर कापते. डेमोत दडलेला झटका तिथे उघडा पडतो.

खोक्यावरचा '240 हर्ट्झ' हा आकडा सगळ्यात जास्त फसवतो. हर्ट्झ म्हणजे चित्र सेकंदाला किती वेळा ताजं होतं ते. बऱ्याच 4के डीएलपी (बारीक आरशांच्या चिपवर चालणाऱ्या) प्रोजेक्टरांत चिप 1920 × 1080 चीच असते. ती दर फ्रेमला चार वेळा किंचित सरकून झळकते आणि त्यातून 4केचे सगळे पिक्सेल उभे राहतात. साठच्या चौपट 240, तो आकडा तिथला. तंत्र खरं आहे, पण त्याचा अर्थ सेकंदाला 240 वेगळी चित्रं दिसतात असा नाही. काही गेमिंग मॉडेल 1080पीला खरोखर 240 हर्ट्झचा सिग्नल घेतात, मात्र तसं असेल तर माहितीपत्रकात कोणत्या रिझोल्यूशनला किती हर्ट्झ याचा तक्ता असतो. तक्ता नसेल आणि नुसता आकडा असेल, तर तो आकडा सोडून द्या. एकाच एलसीडी पॅनेलवर चालणाऱ्या स्वस्त एलईडी प्रोजेक्टरांवर तर तो केवळ खोक्यावर छापलेला असतो.

'4के सपोर्टेड' हेही तसंच. याचा अर्थ 4के सिग्नल आत घेतला जातो एवढाच. पॅनेल 1280 × 720 चं किंवा त्याहून लहान असू शकतं. त्यात एचडीएमआय 1.4 असेल तर 4केला कमाल 30 हर्ट्झच मिळतात, म्हणजे 50 किंवा 60 फ्रेमचा खेळ निम्म्यावर येतो. हे तपासायला एक मिनिट पुरतं. लॅपटॉप जोडा, डिस्प्ले सेटिंगमध्ये 3840 × 2160 निवडा आणि रिफ्रेश रेटची यादी उघडा. यादी 30 वर थांबली, तर तो प्रोजेक्टर 4केमध्ये मॅच दाखवण्याच्या कामाचा नाही. लॅपटॉप 'रेकमेंडेड' म्हणून जे रिझोल्यूशन सांगतो त्यावर मात्र विसंबू नका. प्रोजेक्टर स्वतःबद्दल जे कळवतो तेच लॅपटॉप दाखवतो आणि स्वस्त यंत्रं खोटं कळवतात. खरं रिझोल्यूशन बघायचं तर कीस्टोन (तिरकं चित्र चौकोनी करण्याची सोय) पूर्ण बंद करून, एकाआड एक काळ्या-पांढऱ्या, एकेक पिक्सेलच्या उभ्या रेघांचं 1920 × 1080 चं चित्र लावा. पडद्याजवळ जाऊन रेघा सुट्या मोजता आल्या तर पॅनेल खरंच फुल एचडी. करडा चिखल किंवा लाटांसारखे पट्टे दिसले तर नाही.

आता झटक्यांचं गणित, कारण ते कळल्याशिवाय विक्रेत्याला प्रश्न विचारता येत नाहीत. सिनेमा सेकंदाला 24 फ्रेमचा असतो, एक फ्रेम 41.7 मिलिसेकंदांची. प्रोजेक्टर 60 हर्ट्झवरच चालत असेल तर 60 ला 24 ने पूर्ण भाग जात नाही. मग एक फ्रेम तीनदा आणि पुढची दोनदा दाखवली जाते, म्हणजे एक 50 मिलिसेकंद टिकते आणि दुसरी 33. कॅमेरा हळू फिरतानाही चित्र लंगडतं ते यामुळे. 24, 48, 96 किंवा 120 हर्ट्झवर प्रत्येक फ्रेमला सारखा वेळ मिळतो.

आपल्याकडचं टीव्ही प्रक्षेपण 50 हर्ट्झचं. डिशच्या एचडी वाहिन्या बहुतेक 1080आय, 50 फील्डच्या, म्हणजे सेकंदाला एकाआड एक ओळींची 50 अर्धी चित्रं. ते 60 हर्ट्झवर बसवताना दर पाचातली एक फ्रेम दोनदा दाखवावी लागते. सेकंदाला दहा अडखळण्या होतात, आणि चेंडूमागे फिरणाऱ्या कॅमेऱ्यात नेमक्या त्याच दिसतात. प्रोजेक्टरचं डीइंटरलेसिंग, म्हणजे अर्ध्या चित्रांतून पूर्ण चित्र जुळवणं, कच्चं असेल तर धावणाऱ्या खेळाडूच्या कडेला कंगव्यासारखे दातही दिसतात. परदेशी परीक्षणांत हा 50 हर्ट्झचा मुद्दा अनेकदा नसतोच, म्हणून तिथे वाखाणलेलं यंत्र इथे मॅचला कमी पडू शकतं.

एक गोष्ट विक्रेत्याच्या बाजूनेही खरी आहे. 24 फ्रेमच्या सिनेमात वेगवान पॅनला थोडी थरथर मुळातच असते. म्हणूनच पडद्याच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत वस्तू जायला सातेक सेकंद तरी लागावेत, असा छायाचित्रणातला जुना ठोकताळा आहे. पण याच सत्याची ढाल पुढे करून "सिनेमा असाच दिसतो" म्हणत 3:2 चं लंगडणं गळ्यात मारलं जातं. दोन्हींतला फरक नुसत्या डोळ्याने सांगणं कठीण. फोनने मात्र तो मोजता येतो.

आपल्या फोनमध्ये 240 फ्रेमचं स्लो-मोशन असेल तर दुसरं उपकरण लागत नाही. 960 चा मोड नको. अनेक फोन त्यातल्या मधल्या फ्रेम स्वतःच रचतात. संगणकावरच्या कुठल्याही एडिटिंग सॉफ्टवेअरमध्ये 24 फ्रेमचा प्रोजेक्ट उघडा, काळ्या पार्श्वभूमीवर टाइमकोड (दर फ्रेमला बदलणारा क्रमांक) मोठ्या पांढऱ्या आकड्यांत उमटवा आणि 24 वरच एक्स्पोर्ट करा. अशीच दुसरी क्लिप 50 फ्रेमची. दोन्ही पेनड्राइव्हवर घ्या. दुकानात एमईएमसी बंद करायला सांगा, क्लिप लावा, फोन टेबलावर टेकवून पाच सेकंद चित्रण करा आणि मग फोनवर ते एकेक फ्रेम पुढे सरकवत बघा.

24 च्या क्लिपमध्ये प्रत्येक आकडा फोनच्या 10 फ्रेम टिकला तर चाल सरळ आहे. 12, 8, 12, 8 असं दिसलं तर यंत्र 60 वर अडकलेलं आहे. 50 च्या क्लिपमध्ये आकडे 5, 5, 5, 5, 4 असे बदलले तर ठीक. चार आकडे 4 फ्रेम आणि पाचवा 8 फ्रेम असं आलं, तर सेकंदाच्या त्या दहा अडखळण्या तुम्ही रंगेहाथ पकडल्या आहेत. बदलताना जुना आकडा नव्याखाली बराच वेळ भुतासारखा रेंगाळत असेल, तर पॅनेलच मंद आहे. स्वस्त एक-एलसीडी यंत्रांत हे नेहमी दिसतं आणि कुठल्याही सेटिंगने जात नाही. आणि दोन आकड्यांच्या मधे वितळलेला, अर्धा 3 अर्धा 4 असा आकार दिसला, तर 'बंद केलंय' म्हणत एमईएमसी चालूच ठेवलेलं आहे.

हीच चाचणी पेनड्राइव्हवरून आणि एचडीएमआयवरून अशी दोनदा करा. प्रोजेक्टरच्या पोटातला अँड्रॉइड बऱ्याचदा सगळंच 60 वर बाहेर काढतो, पण एचडीएमआयमधून आलेला 24 किंवा 50 चा सिग्नल तेच यंत्र नीट दाखवतं. तसं असेल तर यंत्र वाया गेलेलं नाही. बाहेरून चांगली स्ट्रीमिंग स्टिक लावा आणि तिच्या सेटिंगमध्ये मूळ फ्रेम रेट जुळवण्याचा पर्याय चालू करा. ॲपल टीव्हीत आणि फायर टीव्हीच्या 4के स्टिकमध्ये तो असतो, पण सुरुवातीला बंद असू शकतो. डिशच्या बॉक्सचं आउटपुट 50 वर आहे ना, तेही बघा. एचडीएमआयनेही 12-8 च येत असेल, तर पॅनेलच 60 वर बांधलेलं आहे आणि त्यावर इलाज नाही.

एमईएमसी मुळात वाईट नाही. एप्सनमध्ये फ्रेम इंटरपोलेशन, सोनीत मोशनफ्लो, जेव्हीसीत क्लिअर मोशन ड्राइव्ह, बेनक्यूमध्ये मोशन एन्हान्सर अशी त्याची नावं. दोन खऱ्या फ्रेमच्या मधे यंत्र अंदाजाने तिसरी रचतं. खेळाला 'लो'वर ते छान काम करतं. 'हाय'वर सिनेमा मालिकेसारखा दिसायला लागतो आणि जिथे अंदाज चुकतो तिथे चित्र फाटतं: गजांच्या कुंपणामागून चालणारा माणूस, फिरता पंखा, वर सरकणारी श्रेयनामावली. डेमोत हेच तीन प्रसंग मागून घ्या. शिवाय पुढची फ्रेम हातात आल्याशिवाय मधली रचता येत नाही, म्हणून चित्र मागे पडतं. गेम मोडमध्ये एमईएमसी बंद होतं ते याचसाठी. "कमी लॅगही आणि एमईएमसीही" असं कोणी म्हणालं, तर दोन्ही एकाच मोडमध्ये चालू करून दाखवायला सांगा.

ल्युमेनचा, म्हणजे प्रोजेक्टरच्या उजेडाच्या मापाचा, संबंधही हालचालीशी येतो. धूसरपणा कमी करायला काही यंत्रं दोन फ्रेमच्या मधे काळी फ्रेम घालतात आणि त्यात उजेड बराच घटतो. मुळातच अंधूक यंत्रात ती सोय असून नसल्यासारखी. '12000 ल्युमेन' छापलेलं असतं तेव्हा त्यापुढे 'एएनएसआय' किंवा 'आयएसओ' हा प्रमाणित मोजणीचा शब्द आहे का बघा. साधा लक्समीटर असेल तर मोजणं सोपं आहे. पूर्ण पांढरं चित्र 100 इंचाचं करा, त्याचे तीन बाय तीन असे नऊ भाग कल्पून प्रत्येकाच्या मध्यावर मीटर प्रोजेक्टरकडे तोंड करून धरा, नऊ आकड्यांची सरासरी काढा आणि तिला 2.76 ने गुणा. 100 इंची 16:9 पडद्याचं क्षेत्रफळ तेवढे चौरस मीटर भरतं. सरासरी 80 लक्स आली तर यंत्र जेमतेम 220 ल्युमेनचं. अंधाऱ्या खोलीत त्या आकाराच्या साध्या पडद्यावर 16 फूट-लँबर्टचा (पडद्यावरच्या उजेडाचं एकक) उजेड हवा तर पावणेपाचशे ल्युमेन पडद्यापर्यंत पोचायला लागतात.

डीएलपी घेणार असाल तर घरातल्या सगळ्यांना डेमोला न्या. आत फिरणाऱ्या रंगीत काचांच्या रंगचक्रामुळे काहींना पांढऱ्या अक्षरांच्या कडेला लाल-हिरवी-निळी चमक दिसते, काहींना आयुष्यात दिसत नाही. काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं लावून नजर डावी-उजवीकडे झटकन फिरवा. ज्याला दिसतं त्याचं डोकं दुखू शकतं, आणि दुकानदार याला बिघाड धरत नाही, म्हणून नंतर परतही घेत नाही.

डेमोचं यंत्र एक आणि घरी आलेलं दुसरं, हाही प्रकार होतो. मॉडेल क्रमांकाचं शेवटचं अक्षर बदललेलं असतं, किंवा सीलबंद म्हणून दिलेलं यंत्र वापरलेलं निघतं. खोकं, यंत्र आणि जीएसटी बिल या तिन्हींवरचा अनुक्रमांक पैसे देण्यापूर्वी जुळवा, आयातदाराचं नाव खोक्यावर छापलेलं आहे ना ते बघा आणि मेनूतले लॅम्पचे किंवा लेझरचे तास वाचा. लॅम्पचा आकडा मेनूतून शून्य करता येतो. तेव्हा हवेच्या जाळीवर धूळ आणि आकडा शून्य असं दिसलं तर यंत्र घेऊ नका. बिलावर विक्रेत्याच्या हातून 'नेटिव्ह 1080पी, 24 आणि 50 हर्ट्झ इनपुट' एवढं लिहून घ्या. बरेच जण इथे मागे हटतात आणि तिथेच काय ते कळतं. ऑनलाइन घेताना 'फक्त बदलून मिळेल' असं बारीक अक्षरांत आहे का ते आधी वाचा, जाहिरातीच्या पानाचे स्क्रीनशॉट त्याच दिवशी काढून ठेवा आणि खोक्याच्या लेबलपासून यंत्र चालू होईपर्यंत एकच सलग व्हिडिओ करा.

फसवणूक झालीच असेल तर फोनवर वाद घालण्यात मुदत घालवू नका. पहिल्याच दिवशी चाचणीची क्लिप, लक्सचे नऊ आकडे आणि बिल जोडून लेखी तक्रार ईमेलने पाठवा. दाद मिळाली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक 1915. त्यानंतर जिल्हा ग्राहक आयोग: 2019 च्या कायद्याप्रमाणे तुम्ही राहता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, ई-जागृती पोर्टलवरून दाखल होते आणि पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्क नाही. मुदत दोन वर्षांची. आगाऊ पैसे घेऊन विक्रेता गायबच झाला असेल, तर मात्र तासाभरातच सायबर फसवणुकीच्या 1930 या हेल्पलाइनवर फोन करा, कारण पैसे पुढच्या खात्यात सरकण्याआधी गोठवता आले तरच परत मिळण्याची आशा असते. तक्रारीत 'चित्र नीट दिसत नाही' असं लिहू नका. '24 फ्रेमच्या क्लिपमध्ये आकडे 12 आणि 8 फ्रेम टिकतात, जाहिरातीत 24पी सपोर्ट लिहिलेला आहे' असं लिहा आणि ती पाच सेकंदांची क्लिप सोबत जोडा.