घर आमचं, कॉम्प्युटर आमचा, अ‍ॅडमिन मात्र दुकानदार

नवा प्रिंटर घरी आला आणि कॉम्प्युटरला जोडता येईना. सॉफ्टवेअर टाकायला गेलं की खिडकी उघडायची: अ‍ॅडमिनिस्ट्रेटरचा पासवर्ड द्या. अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणजे मशीनवर पूर्ण हक्क असलेलं खातं. त्याचा पासवर्ड घरात कोणालाच ठाऊक नव्हता. ठाऊक होता फक्त नागपुरातल्या बर्डीवरून आमच्याकडे दुरुस्तीला येणाऱ्या कॉम्प्युटरवाल्याला. फोन केला तर म्हणाला, "ताई, ते तुमच्यानं नाही होणार. मी येतो संध्याकाळी. व्हिजिटचे चारशे."

आम्ही मानेवाड्याला राहतो. कॉम्प्युटर हॉलमध्ये, सगळ्यांचा मिळून एक. सासरे त्यावर पेन्शन आणि बँक बघतात, मी शिकवणीच्या प्रश्नपत्रिका टाइप करते, मोठीचे स्कॉलरशिपचे फॉर्म त्यावरूनच भरले जातात, धाकट्याचे गेम वेगळेच. हा माणूस पहिल्यांदा आला तो मशीन फार हळू चाललंय म्हणून. त्यानं फॉरमॅट मारलं, 'ओरिजिनल विंडोज'चे पैसे घेतले, अँटिव्हायरसचा डबा विकला आणि एकच खातं उघडून दिलं, नाव 'होम', पासवर्ड काही नाही. सगळ्यांनी तेच वापरायचं. बिल? "काकाजी, पक्कं बिल केलं तर जीएसटी लागते, तुमचंच नुकसान."

तेव्हापासून दर काही महिन्यांनी त्याचं येणं सुरू झालं. कधी स्क्रीनच्या कोपऱ्यात विंडोज सक्रिय करा अशी अक्षरं उमटायची, कधी व्हायरसची सूचना यायची. मे महिन्यात तर कारण तयारच असायचं: "ऊन किती पडून राहिलं, मशीन तापणारच." यात अर्धं खरं आहे. नागपूरच्या उन्हाळ्यात पंख्यात धूळ बसली की प्रोसेसर तापतो आणि स्वतःचा वेग कमी करतो. पण ती धूळ त्यानं एकदाही काढली नाही.

प्रिंटरच्या वेळी मात्र माझा भाचा घरी होता. तो इंजिनिअरिंगला आहे. त्यानं काळी कमांडची खिडकी उघडून 'नेट लोकलग्रुप अ‍ॅडमिनिस्ट्रेटर्स' असं टाइप केलं. कॉम्प्युटरवर पूर्ण हक्क कोणाकोणाला आहे त्याची यादी या कमांडनं दिसते. यादीत दोन नावं होती. एक विंडोजचं स्वतःचं, दुसरं 'सपोर्ट'. आमचं 'होम' त्यात नव्हतंच. 'सपोर्ट' नावाचं खातं लॉगिनच्या स्क्रीनवर आम्ही कधी पाहिलं नव्हतं. रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या आतल्या सेटिंग्जच्या वहीत, एक नोंद केली की खातं तिथून गायब होतं, पण काम करत राहतं.

चिडावं की दाद द्यावी, ते तेव्हा कळेना. कारण रोजच्या वापराला साधं, म्हणजे स्टँडर्ड खातं आणि अ‍ॅडमिनिस्ट्रेटर वेगळा, हा सल्ला शंभर टक्के बरोबर आहे. मुलांनी कुठल्याही गेमबरोबर काहीबाही डाउनलोड केलं तरी पासवर्डाशिवाय ते सगळ्या मशीनमध्ये घुसू शकत नाही. यानं नेमकं तेच केलं होतं, फक्त किल्ली स्वतःच्या खिशात ठेवून. प्रिंटर, स्कॅनर, मराठी टायपिंगचं सॉफ्टवेअर, काहीही टाकायचं म्हटलं की त्याला बोलवा आणि व्हिजिट द्या.

पासवर्ड मागितला तर म्हणाला, दुकानाची पॉलिसी आहे, देत नाही. मग सासरेच गेले. पूर्ण नोकरी सरकारी खात्यात काढलेला माणूस, त्यांना बसून राहण्याची सवय आहे. दुकानात खुर्ची ओढून बसले. येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला विचारू लागले, "तुमच्या घरच्या मशीनचा पासवर्ड तुमच्याकडे आहे का हो?" चहा यायच्या आत कागदावर पासवर्ड लिहून मिळाला.

भाच्यानं 'सपोर्ट'मधून लॉगिन केलं आणि एकेक उघडत गेलं. विंडोज सिक्युरिटी या विंडोजच्याच व्हायरस तपासणाऱ्या भागात वगळण्याची यादी असते, अमुक फोल्डर तपासू नको असं सांगायची. तिथं अख्खा सी ड्राइव्ह होता. म्हणजे पहारेकरी ठेवलाय, पण घराकडे बघायचं नाही अशी ताकीद देऊन. कारणही लगेच सापडलं. 'ओरिजिनल' विंडोज चोरट्या टूलनं सक्रिय केलेलं होतं आणि तपासणी चालू असती तर ते टूल पहिल्याच फटक्यात पकडलं गेलं असतं. कंपन्या-कॉलेजांत शेकडो मशीन आपल्याच सर्व्हरवरून सक्रिय करण्याची एक पद्धत असते, हे टूल तिची नक्कल करतं. तिची मुदत 180 दिवस. मधे नूतनीकरण झालं नाही की कोपऱ्यात ती अक्षरं येतात. दर सहा महिन्यांनी आमचा 'विंडोज बिघडायचा' तो असा.

अँटिव्हायरस उघडला तर नोंदणी भलत्याच माणसाच्या नावावर. लायसन्सची एकच किल्ली किती घरांत विकली, त्यालाच माहीत. ब्राउझरमध्ये एक्स्टेंशन, म्हणजे वरून जोडलेला छोटा प्रोग्रॅम, बसलेलं, सर्व वेबसाइटवरचा मजकूर वाचण्याची आणि बदलण्याची परवानगी घेऊन.

खरा धक्का पुढे होता. दुरून कॉम्प्युटर चालवायचं सॉफ्टवेअर विंडोजबरोबर आपोआप सुरू होत होतं आणि त्यात कायमचा पासवर्ड टाकलेला होता. अशी सॉफ्टवेअर मुळात वाईट नसतात, पण समोर बसलेल्यानं दर वेळी होकार द्यायचा असतो. कायमचा पासवर्ड टाकला की तो होकार लागतच नाही. आता आठवतं, फोनवर तो म्हणायचा, "चालू ठेवा फक्त, मी इथूनच पाहतो." जोडणीसाठी स्क्रीनवरचा कोड कधी विचारलाच नाही, आणि आम्हाला वाटायचं माणूस हुशार आहे. या सॉफ्टवेअरची लॉग फाइल असते, जोडणी केव्हा झाली ते तारीख-वेळेसकट. त्यात आम्ही फोन केल्याचे दिवस होते. फोन न केलेल्या रात्रीही होत्या, माझी टायपिंगची कामं उशिरापर्यंत चालू राहिल्यावर मशीन तसंच ठेवलं होतं त्या.

इथं एक गोष्ट भाच्यानं बरी केली. काही पुसायच्या आधी प्रत्येक स्क्रीनचे मोबाइलनं फोटो काढले आणि लॉग फाइल पेनड्राइव्हवर घेतली. आम्ही तर लगेच सगळं उडवायला निघालो होतो. मग इंटरनेटची वायर काढली आणि बँक, ईमेल, स्कॉलरशिपचं पोर्टल, सगळ्यांचे पासवर्ड मोबाइलवरून बदलले. त्याच कॉम्प्युटरवर बसून बदलले असते तर नवा पासवर्डही तिकडे दिसू शकला असता. जीमेलमध्ये कुठल्या उपकरणांवर लॉगिन आहे ते दिसतं, तिथून सगळी बाहेर काढली. खात्यातून पैसे गेले नव्हते. गेले असते तर वेळ न घालवता 1930 ला फोन करायचा असतो.

स्पायवेअर, म्हणजे हेरगिरीचे प्रोग्रॅम, एकेक शोधून काढत बसलो नाही. ज्याच्या हातात इतके दिवस अ‍ॅडमिनिस्ट्रेटर होता त्यानं आणखी काय पेरलंय याचा भरवसा कोण देणार? फोटो आणि कागदपत्रं तेवढी काढून घेतली, प्रोग्रॅमच्या फाइली सोडून दिल्या. दुसऱ्या मशीनवर 8 जीबीच्या पेनड्राइव्हवर मायक्रोसॉफ्टकडूनच विंडोज उतरवलं आणि डिस्क पूर्ण पुसून टाकलं. विंडोजची होम आवृत्ती टाकली, नेट जोडलं आणि किल्ली न मागता ते सक्रिय झालं! आमचं मशीन कंपनीचं, विंडोजसकट घेतलेलं. त्याची किल्ली मदरबोर्डच्या चिपमध्येच असते. कॉम्प्युटरवाल्यानं त्यावर प्रो आवृत्ती चढवली म्हणून ती किल्ली जुळत नव्हती. दुकानात पैसे मोजून घेतलेलीच वस्तू हा माणूस आम्हाला पुन्हा पुन्हा विकत होता.

आता प्रत्येकाचं वेगळं स्टँडर्ड खातं आहे. अ‍ॅडमिनिस्ट्रेटरचं एकच, त्याचा पासवर्ड सासऱ्यांच्या डायरीत. धाकट्याला गेम टाकायचा तर आजोबांची मनधरणी करावी लागते. अँटिव्हायरस विकत घेतला नाही, विंडोजसोबत येणारा डिफेंडर पुरतो. त्याचा ऑफलाइन स्कॅन मशीन रीस्टार्ट करून पंधरा मिनिटांत होतो.

दुकानदार म्हणाला, "सगळेच असं करतात, काकाजी." अँटिव्हायरसचे पैसे परत दिले, बाकीचे नाही. राष्ट्रीय सायबर क्राइम पोर्टलवर तक्रार केली आहे, फोटो आणि लॉगसकट. परवानगीशिवाय दुसऱ्याच्या कॉम्प्युटरमध्ये शिरणं माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम 43 आणि 66 खाली येतं, तीन वर्षांपर्यंत शिक्षा आहे. बनावट मालाच्या पैशांसाठी ग्राहक हेल्पलाइन 1915 वेगळी.

आमच्या गल्लीत आणखी दोघांकडे 'सपोर्ट' सापडला. तुमच्याकडेही कोणी घरी येऊन फॉरमॅट मारून गेला असेल तर त्या काळ्या कमांडच्या खिडकीत इंग्रजीत 'नेट युजर' (net user) टाइप करून बघा. अ‍ॅडमिनिस्ट्रेटर, डिफॉल्टअकाउंट, गेस्ट आणि डब्ल्यूडीएजीयुटिलिटीअकाउंट ही विंडोजची आपली खाती आहेत, ती पाहून घाबरू नका. त्याखेरीज अनोळखी नाव दिसलं तर आधी फोटो काढा, मग त्याला फोन करा.